मुखवटा, मास्टर टेप आणि ३१ वह्या : एमएफ डूम याच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१९९४ च्या एप्रिलमध्ये इलेक्ट्रा या अमेरिकन संगीत कंपनीने ‘ब्लॅक बास्टर्ड्स’ नावाचा पूर्ण तयार असलेला एक अल्बम बाजारात यायला काही आठवडे उरले असताना रद्द केला आणि तो करणाऱ्या केएमडी या हिप-हॉप गटाशी असलेला संबंधही तोडला. त्या वेळी गटाचा सगळा भार डॅनियल डुमिले या २२ वर्षांच्या एकट्या तरुणावर होता. गटात त्याचा जोडीदार असलेला धाकटा भाऊ जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. पुढे पाच वर्षांनी हाच तरुण चेहरा झाकून, एमएफ डूम (एमएफ म्हणजे ‘मेटल फेस’, धातूचा चेहरा) हे नाव घेऊन परत आला आणि न्यूयॉर्कच्या अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर वाढलेल्या, हिप-हॉपमधील सर्वांत महत्त्वाच्या कलाकारांपैकी एक ठरला.

हे प्रकरण बहुधा शोक, अज्ञातवास आणि पुनरागमन अशा क्रमाने सांगितले जाते. तो क्रम खोटा नाही, पण मुखवटा केवळ दुःख झाकण्यासाठी होता असे मानले, तर डुमिलेच्या पुढच्या पंधरा वर्षांतील निर्णयांचा उलगडा होत नाही. कंपनीने एका चित्रामुळे त्याचे काम अडवले होते. त्यानंतर त्याने स्वतःच्या आणि बाजाराच्या मध्ये उभे राहणारे चित्र आपल्या ताब्यात घेतले आणि आपले काम अनेक नावांत अशा रीतीने वाटून टाकले की, कोणत्याही एका कंपनीच्या हाती तो पुरता सापडू नये. या व्यवस्थेने त्याला काय मिळवून दिले आणि ती कोठे कमी पडली, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

दोन भाऊ

डुमिलेचा जन्म १३ जुलै १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. आई त्रिनिदादची आणि वडील झिम्बाब्वेचे होते. तो लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर आले आणि तेथील लाँग बीच या गावात तो वाढला. बोलण्यात, उच्चारांत आणि संगीताच्या जाणिवेत तो सर्वस्वी अमेरिकन होता, परंतु अमेरिकेचे नागरिकत्व त्याने कधीच घेतले नाही. ही बाब येथे मुद्दाम नोंदवतो, कारण चार दशकांनंतर या प्रकरणातील सर्वांत मोठा आघात याच बाजूने झाला.

१९८८ मध्ये त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे याने मिळून केएमडी हा गट सुरू केला. थोरला झेव्ह लव्ह एक्स या नावाने रॅप करी, तर धाकटा डीजे सबरॉक म्हणून ओळखला जाई. १९८९ मध्ये थर्ड बेस या गटाच्या एका गाण्यात झेव्ह लव्ह एक्सला पाहुणा म्हणून जागा मिळाली, इलेक्ट्रासाठी नवे कलाकार शोधणाऱ्या डान्टे रॉस यांच्या पुढाकाराने कंपनीशी करार झाला आणि १९९१ मध्ये ‘मिस्टर हूड’ हा पहिला अल्बम आला. भाषा शिकवणाऱ्या एका जुन्या तबकडीतील निवेदकाची वाक्ये उचलून त्यांचे त्यांनी मिस्टर हूड नावाचे पात्र केले होते, आणि गटातील मुले त्या पात्राशी गप्पा मारत असल्यासारखी रचना बांधली होती. वीस वर्षांच्या आसपासच्या मुलांनी केलेले हे काम खेळकर होते, तरीही वर्णद्वेषावर त्याचे बोट अचूक होते. मुलाखतीत किंवा व्हिडिओत दिसणारा झेव्ह लव्ह एक्स उघड्या चेहऱ्याचा, हसरा आणि उत्साही मुलगा आहे. मुखवट्याची सवय झालेल्या श्रोत्याने ती चित्रफीत एकदा तरी पाहावी, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या अल्बमचे काम पूर्ण होत आले असताना, २३ एप्रिल १९९३ रोजी, लाँग आयलंडवर महामार्ग ओलांडताना मोटारीच्या धडकेने सबरॉकचा मृत्यू झाला. उरलेले काम थोरल्या भावाने एकट्याने पुरे केले.

एकच चित्र, दोनदा काढलेले

‘ब्लॅक बास्टर्ड्स’ अडला तो मुखपृष्ठामुळे, त्यामुळे त्या चित्राकडे जवळून पाहिले पाहिजे. अमेरिकेतील गोऱ्यांच्या करमणुकीने आणि जाहिरातींनी कृष्णवर्णीयांचे एक विडंबन पिढ्यान्‌पिढ्या रूढ केले होते: फुगवलेले ओठ, बटबटीत डोळे, कधीही न मावळणारे लाचार हसू. त्याला ‘सॅम्बो’ म्हणत. केएमडीने सुरुवातीपासून याच आकृतीला आपले चिन्ह केले, मात्र तिच्यावर रस्त्यावरच्या मनाईच्या पाटीसारखी तिरकी रेघ मारून. ‘मिस्टर हूड’च्या काळात हे चिन्ह सर्वत्र होते आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तीच आकृती फासावर लटकत होती. अक्षरे ओळखण्याच्या मुलांच्या खेळात चुकीच्या उत्तरागणिक फासावरचा माणूस एकेका रेघेने पुरा होत जातो, त्या खेळाच्या धर्तीवर हे चित्र काढलेले होते.

डुमिलेच्या दृष्टीने अर्थ सरळ होता. पूर्वी रेघ मारून नाकारलेले विडंबन आता संपवायचे होते. परंतु ज्या देशात कृष्णवर्णीय माणसांना जमावाने झाडाला लटकावल्याचा इतिहास आहे, तेथे फास आणि काळा चेहरा एकत्र दिसला की पाहणाऱ्याच्या मनात प्रथम तो इतिहासच उभा राहणार, हेही तितकेच खरे आहे. ‘बिलबोर्ड’ या व्यवसायाच्या साप्ताहिकातील एका स्तंभात या मुखपृष्ठावर तीव्र आक्षेप घेण्यात आला. त्या आक्षेपामागची वेदना मला खोटी वाटत नाही. मात्र तिला उत्तर देण्याचा मार्ग उपलब्ध होता. चित्राचा अर्थ उलगडून सांगता आला असता किंवा मुखपृष्ठ बदलता आले असते. कंपनीने यांपैकी काहीही न करता अल्बमच रद्द केला.

या घाईचे कारण दोन वर्षे आधीच्या घटनांत सापडते. १९९२ मध्ये रॅपर आइस-टी याच्या रॉक गटाच्या, पोलिसांच्या हत्येविषयी असलेल्या एका गाण्यावरून पोलीस संघटनांनी आणि राजकीय नेत्यांनी वॉर्नर कंपनीविरुद्ध मोहीम उघडली होती. भागधारकांच्या सभेपर्यंत हा वाद पोहोचला, गाणे अल्बममधून काढले गेले आणि १९९३ च्या आरंभी आइस-टी आणि वॉर्नर वेगळे झाले. इलेक्ट्रा याच वॉर्नर समूहाचा भाग होती. त्या समूहात यापुढे वादाचा वास आला तरी माघार घेण्याची वृत्ती बळावली होती आणि केएमडीसारख्या, विक्रीचे मोठे आकडे नसलेल्या गटासाठी धोका पत्करणे कोणालाही परवडणारे वाटले नाही. ज्या अल्बमवर मृत भावाचा आवाज आणि हात होता, तो एका हिशेबात बसला नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. गटासाठी धडपडलेल्या माणसांनाही कंपनीच्या आत राहून हा निर्णय फिरवता आला नाही.

एक गोष्ट मात्र डुमिलेच्या हाती आली. कंपनीने मास्टर टेप त्याला परत दिल्या. मास्टर टेप म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, ज्याच्यावरून पुढच्या सगळ्या प्रती निघतात. बहुसंख्य कलाकारांच्या बाबतीत तिची मालकी कंपनीकडेच राहते. अल्बमच्या चोरट्या प्रती पुढे वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहिल्या आणि अखेर २००१ मध्ये सब व्हर्स या छोट्या लेबलने (संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीने) त्याच टेपवरून तो रीतसर प्रसिद्ध केला. अपमानाच्या क्षणी हाती पडलेली ही मालकीच त्याच्या पुढच्या सगळ्या व्यवहाराचा पाया ठरली, असे माझे मत आहे.

परतीचा रस्ता

१९९४ ते १९९७ या काळात डुमिले संगीताच्या जगातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याने स्वतः पुढे सांगितले आहे की, त्या दिवसांत तो मॅनहॅटनमध्ये बेघर असल्यासारखा भटकत होता आणि बाकांवर झोपत होता. नंतर तो अटलांटाला गेला.

१९९७ च्या सुमारास मॅनहॅटनमधील न्यूयोरिकन पोएट्स कॅफेमध्ये, जेथे कोणीही उभे राहून कविता किंवा रॅप सादर करू शकते, तेथे तो डोक्यावरून बायकांचा पायमोजा ओढून गाऊ लागला. श्रोत्यांपैकी बहुतेकांना हा केएमडीचा झेव्ह लव्ह एक्स आहे याची कल्पना नव्हती. आवाजही बदलला होता. पूर्वीचा चपळ, वरच्या पट्टीतला मुलगा जाऊन जाड, खरखरीत, जरा मागे रेलून बोलणारा माणूस आला होता. पुढे पायमोज्याच्या जागी रंगवलेला प्लॅस्टिकचा मुखवटा आला आणि त्यानंतर धातूचा.

नाव त्याने दुहेरी मुळावरून घेतले. ‘डूम’ हे आडनावावरून पडलेले जुने घरगुती नाव होते आणि १९६२ मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी निर्माण केलेला, विद्रूप चेहरा धातूच्या मुखवट्याआड लपवणारा डॉक्टर डूम हा मार्व्हल चित्रकथांतील खलनायकही त्या नावाशी जुळत होता. मुलाखतींत तो सांगे की, संगीतात दिसण्याला आलेले महत्त्व त्याला मोडायचे होते. श्रोत्याने शब्द ऐकावेत, चेहरा पाहू नये.

त्याला पहिली संधी दिली ती बॉबिटो गार्सियाने. बॉबिटो कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर या रेडिओ केंद्रावर रात्री उशिरा, स्ट्रेच आर्मस्ट्राँगबरोबर, करार नसलेल्या रॅपरांना माइक देणारा कार्यक्रम करी. न्यूयॉर्कमधील अंडरग्राउंडचा कणा अशा गोष्टींनीच बनला होता: विद्यापीठांचे रेडिओ, १२ इंची सिंगल तबकड्या, त्या विकणारी फॅट बीट्ससारखी दुकाने आणि रात्र जागून कॅसेटवर कार्यक्रम टेप करणारे श्रोते. बॉबिटोच्या ‘फाँडल एम’ या लेबलवर आधी सिंगल आणि मग १९९९ मध्ये ‘ऑपरेशन : डूम्सडे’ हा अल्बम आला. त्यात शादेसारख्या गायिकेच्या मऊ सुरांचे तुकडे आणि व्यंगचित्रपटांतील संवाद शेजारी शेजारी आहेत. त्यातील एक गाणे सरळ सबरॉकसाठी आहे आणि त्याचे शीर्षक केवळ एक प्रश्नचिन्ह आहे. मुखवटा घालून आलेल्या माणसाने पहिल्याच अल्बममध्ये भावाशी इतक्या उघडपणे बोलावे, यावरूनच मुखवट्याचा हेतू भावना लपवणे हा नव्हता हे कळते.

त्याच्या रचनेविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण हे कौशल्य नसते तर बाकीची कहाणी कोणी लक्षात ठेवली नसती. रॅपमध्ये यमक सामान्यतः ओळीच्या शेवटी पडते. मराठी वाचकाला ग्रंथांतील ओवी आठवावी: पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते, चौथा मोकळा सुटतो आणि कान त्या जागांची वाट पाहायला शिकतो. डूम ही वाट पाहायला लावतो आणि यमक चरणाच्या पोटातच देऊन टाकतो. तीन-चार अक्षरांचा एक नादसमूह घेऊन तो एका ओळीत दोनदा-तीनदा वाजवतो, वाक्य मात्र तालाची सीमा ओलांडून पुढच्या ओळीत नेतो. अर्थ एकीकडे आणि नाद दुसरीकडे चालतात व अवचित एका शब्दावर भेटतात. शिवाय तो स्वतःविषयी बहुतेक वेळा ‘तो’ असे म्हणून बोलतो, म्हणजे गाणारा आणि गाण्यातला खलनायक यांच्यात अंतर ठेवतो.

नावांची वाटणी

जून २००३ ते नोव्हेंबर २००४ या सुमारे दीड वर्षात त्याचे पाच अल्बम आले आणि ते पाच वेगवेगळ्या लेबलांवर होते. किंग गीडोरा या नावाने ब्रिटनच्या बिग दादावर, व्हिक्टर वॉन या नावाने साउंड-इंकवर, मॅडलिब या संगीत-निर्मात्याबरोबरचा ‘मॅडव्हिलनी’ स्टोन्स थ्रोवर, पुन्हा व्हिक्टर वॉन म्हणून इन्सोम्नियाकवर आणि एमएफ डूम म्हणून ‘एमएम..फूड’ मिनियापोलिसच्या ऱ्हाइमसेयर्सवर. रसिकांनी या नावांना कल्पनाशक्तीचा खेळ मानले आणि तो तसा होताही. गीडोरा हा अवकाशातून पृथ्वीकडे पाहणारा राक्षस आहे, वॉन हा उर्मट तरुण गुंड आहे आणि दोघांची भाषा वेगळी आहे. पण याची व्यावहारिक बाजू दुर्लक्षित राहते. १९९४ मध्ये एका कंपनीच्या एका निर्णयाने त्याचे सगळे काम थांबले होते. आता कोणतेही एक दार बंद झाले, तरी चार उघडी राहणार होती.

याच काळात ‘स्पेशल हर्ब्स’ या मालिकेचे दहा भाग आले. त्यांत शब्द नसलेले केवळ बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारे संगीत, होते आणि त्यांना केशर, मेथी, ज्येष्ठमध अशी वनस्पतींची नावे होती. त्यांतले काही त्याने आपल्या गाण्यांना वापरले आणि काही २००६ मध्ये रॅपर घोस्टफेस किल्लाच्या ‘फिशस्केल’ या, डेफ जॅमसारख्या मोठ्या लेबलवरील अल्बममध्ये गेले. एकदा केलेले काम स्वतःच्या नावावर राहिले की ते पुन्हा पुन्हा कसे कमाई देते, याचे हे साधे उदाहरण आहे.

‘मॅडव्हिलनी’ची निर्मिती या पद्धतीचे उत्तम रूप दाखवते. लॉस एंजेलिसमधील स्टोन्स थ्रोच्या घरात मॅडलिब तळघरात बीट करी आणि डूम बाहेर बसून वहीत लिही. दोघे एकमेकांशी फारसे बोलत नसत. लेबलकडील मंडळी सांगतात की, कराराची कलमे प्रथम एका कागदी थाळीवर लिहिली गेली. २००२ मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला असताना एक छोटा सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे उचलून वाजवणारे यंत्र), सोबत नेता येणारा टर्नटेबल आणि कॅसेट डेक एवढ्या साधनांवर त्याने हॉटेलच्या खोलीत काही बीट केले. त्याच सुमारास अर्धवट अल्बमची प्रत कोणाच्या तरी हातून इंटरनेटवर पोहोचली आणि प्रकाशनापूर्वी वर्षभराहून अधिक काळ ती फिरत राहिली. दोघेही खट्टू झाले आणि काम थांबले. पुन्हा हाती घेतल्यावर डूमने बहुतेक गाणी नव्याने म्हटली, या वेळी सावकाश, सैल, जवळजवळ पुटपुटल्यासारख्या स्वरात. आज सर्वांच्या कानात बसलेला त्याचा आवाज हा त्या गळतीनंतरचा आवाज आहे. मार्च २००४ मध्ये आलेल्या या अल्बममध्ये २२ तुकडे ४६ मिनिटांत आहेत आणि ध्रुवपद जवळजवळ कोठेच नाही. बिलबोर्डच्या यादीत तो १७९ व्या क्रमांकापर्यंतच गेला. समीक्षकांच्या आणि नंतरच्या रॅपरांच्या दृष्टीने मात्र तो त्या दशकातील सर्वोत्तम अल्बमांपैकी एक ठरला.

मुखवट्याआड दुसरा माणूस

२००७ पासून काही कार्यक्रमांत मुखवट्याआड डुमिले नसून दुसराच कोणी असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. रंगमंचावरचा माणूस बारीक दिसे, ओठांची हालचाल शब्दांशी जुळत नसे, कार्यक्रम अवेळी आटपे. डुमिलेने हे नाकारले नाही. आपण या पात्राचे लेखक आणि दिग्दर्शक आहोत, भूमिका कोणालाही देऊ शकतो, अशा अर्थाचा खुलासा त्याने केला.

त्याच्या विचाराशी हे सुसंगत होते हे मान्य करूनही मला ते समर्थनीय वाटत नाही. अंडरग्राउंडचा श्रोता हा कलाकाराचा खरा आश्रयदाता असतो. त्याने ती तबकडी शोधून विकत घेतलेली असते, मित्रांना ऐकवलेली असते आणि तो तिकीट काढतो ते त्या शब्दांच्या मागच्या श्वासासाठी. चेहरा महत्त्वाचा नाही हे त्याला पटलेलेच होते, म्हणून तर तो आला होता. पण आवाजही तेथे नसेल तर त्याच्याशी झालेला करार मोडतो, मग तो करार थाळीवरसुद्धा लिहिलेला नसो. मुखवट्याने कंपन्यांपासून मिळवलेले स्वातंत्र्य येथे चुकीच्या माणसांवर वापरले गेले.

कागदावरचा माणूस

२०१० मध्ये डूम युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि परतताना त्याला अमेरिकेत प्रवेश नाकारण्यात आला. नावे कितीही असली तरी पारपत्रावर एकच नाव होते, आणि ते ब्रिटिश नागरिकाचे होते. पत्नी आणि मुले अमेरिकेत राहिली होती. कुटुंब पुन्हा एकत्र यायला सुमारे दोन वर्षे लागली आणि तेही इंग्लंडमध्ये. ज्या देशात भाऊ पुरला होता आणि ज्याच्या गल्ल्यांतून त्याची भाषा घडली होती, तेथे राहायला तो परत जाऊ शकला नाही. २०१२ मध्ये जनेरो जरेल या संगीत-निर्मात्याबरोबर केलेल्या ‘की टू द कफ्स’ या अल्बममध्ये लंडनच्या बोलीचे शब्द आणि परक्या जागेची बोच दोन्ही आहेत. २०१७ मध्ये त्याचा १४ वर्षांचा मुलगा गेला.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी लीड्समधील रुग्णालयात, वयाच्या ४९ व्या वर्षी, डुमिलेचे निधन झाले. नव्याने सुरू केलेल्या रक्तदाबाच्या औषधाची तीव्र प्रतिक्रिया होऊन श्वसनमार्गाला सूज आल्याचे २०२३ मधील मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत पुढे आले. जगाला ही बातमी ३१ डिसेंबरला, त्याच्या पत्नीच्या निवेदनातून कळली. दोन महिने कोणालाही पत्ता लागला नाही, कारण त्याचे दिसणे-न दिसणे हे कोणाच्या मोजमापात कधी राहिलेच नव्हते.

तो अमेरिकेत परतू शकला नाही, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये ३१ वह्या मागे राहिल्या होत्या. स्वतःच्या हाताने लिहिलेली गाणी, कच्चे मसुदे, सुचलेल्या ओळी त्यांत होत्या. स्टोन्स थ्रोमध्ये पूर्वी काम केलेल्या एकाने त्या भाडे थकलेल्या खोलीच्या मालकाकडून पैसे मोजून सोडवून घेतल्याचे सांगितले. त्या परत मिळाव्यात म्हणून डुमिलेच्या वारसांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दावा दाखल केला. मास्टर टेप १९९४ मध्येच त्याच्या हाती आल्या होत्या. त्या टेपच्याही आधीची गोष्ट, म्हणजे शब्द प्रथम ज्यावर उतरले तो कागद, त्याच्या हयातीत त्याच्याकडे परत आला नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये लाँग बीच शहराने दोघे भाऊ जेथे वाढले त्या भागातील एका रस्त्याला ‘केएमडी-एमएफ डूम वे’ असे नाव दिले. पाटीवर डुमिले हे आडनाव नाही. आधी गटाचे नाव आहे, ज्यात सबरॉक येतो, आणि मग मुखवट्याचे.